दूध संस्थेच्या फळ्या

वाळवी लागली म्हणून त्या फळ्या निघाल्या, नाहीतर माझ्या बापानं जन्मात कुणाला हात लावू दिला नसता.

फळ्या प्लायवूडच्या, वर चकचकीत सनमायका. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, गावच्या सहकारी दूध संस्थेत कारकून होते. दुष्काळात जनावरं छावणीत गेली, संस्थेच्या दारात दुधाची किटली येईना, आणि शेवटी तिला टाळं लागलं. तिच्या ऑफिसच्या भिंतीवरच्या फळ्या अण्णांनी घरी आणून पुढच्या खोलीच्या भिंतींवर ठोकल्या. तेव्हा मला बघायला पाहुणे यायचे होते. ‘लई थाट हाय की!’ म्हणत अख्खी गल्ली बघून गेली. मीही मिरवलं, खोटं कशाला बोलू?

लग्न झालं, मी गेवराईला शिक्षिका म्हणून लागले. आई गेल्यावर अण्णा एकटेच राहिले. पुढं एका वर्षी पुन्हा पावसानं तोंड दाखवलं नाही. मे महिन्यात माहेरी गेले तर फळ्यांवर वाळवीच्या मातीच्या रेघा चढलेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच सुतार बोलावला.

“हात लावू नको, माय,” अण्णा खाटेवरून म्हणाले. “माझ्या माघारी काय करायचं ते कर.”

“तोवर वाळवी तुमची खाटसुद्धा ठेवायची न्हाई!” मी फटकारलं. माझी जीभ अशीच, आईवर गेलेली.

सुतारानं चार-पाच फळ्या उचकटल्या. मागं पोपडे, पालीची अंडी, एक मेलेला विंचू. खाटेजवळच्या फळीपाशी मात्र तो थबकला. “ताई, समद्या फळ्या खिळ्यांनी ठोकल्यात. हीच तेवढी स्क्रूनं कावून?”

मी अण्णांकडं पाहिलं. त्यांनी तोंड फिरवलं.

फळी निघाली. जमिनीपासून थेट पत्र्यापर्यंत भेग. माझा पंजा आत जाईल एवढी रुंद, बाहेरून लिंपलेल्या चिखलाच्या फटीतून पलीकडचं ऊन दिसत होतं. भेगेवर आडव्या चिकटवलेल्या कॅलेंडरच्या कागदाच्या पट्ट्या, एकीखाली एक, वीस-पंचवीस तरी असतील. एकूणएक मधोमध फाटलेल्या.

“स्क्रू काढून बघायचं. पट्टी फाटली की समजायचं, आणखी उघडली,” अण्णा हळूच म्हणाले. “घर बांधलं तवाबी दुष्काळच व्हता. पाया खांदताना काळी माती अशी टणक, की पहार लागंना. गवंडी म्हणला, हाच खडक समजा. मुरूम लागस्तोवर खांदलंच न्हाई आमी.”

काळी माती वाळली की आक्रसते आणि भिजली की फुगते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि कुणब्याच्या पोटी जन्मलेला माझा बाप तिला खडक समजला! गाव पावसासाठी देव पाण्यात ठेवायचं, हा माणूस उन्हाला भ्यायचा आणि पावसालाही.

“मग सांगितलं का न्हाई?” मी ओरडलेच.

“तुझं लगीन व्हायचं व्हतं. फुटक्या घरातली पोरगी कोण करील? म्हणून झाकलं. तुझ्या आईलाबी सांगितलं न्हाई. मग सांगायचंच भ्या वाटाया लागलं.”

तेवढ्यात भेगेतून माती झरायला लागली. आधी चिमूटभर, मग मूठभर. वर पत्रा करकरला. “ताई, म्हाताऱ्याला घ्या!” म्हणत सुतारानं हातातली पहार टाकली.

अण्णा उठेनात. दोन्ही हातांनी खाटेची कड घट्ट धरून बसले. “उठा, न्हाईतर मीबी हितंच बसते तुमच्याशेजारी!” असं किंचाळले तेव्हा कुठं त्यांची पकड सुटली. आम्ही दोघांनी त्यांना बखोटीला धरून, अक्षरशः फरपटत रस्त्यावर आणलं.

मागं वळून बघेपर्यंत धडाड आवाज झाला. धुळीत काही दिसेना. धूळ खाली बसली तेव्हा अर्धी भिंत अंगणात पडलेली होती आणि पत्रा एका बाजूनं लोंबत होता. अण्णांकडं बघायचाही धीर होईना. सारी हयात घालून उभं केलेलं घर, त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं. म्हातारा आता खचतो, असंच वाटलं.

अण्णांनी धोतराच्या सोग्यानं डोळ्यांतली धूळ पुसली. “पडली का?” त्यांनी विचारलं. “पडली ना एकदाची?”

“पडली, अण्णा.”

“बरं झालं,” ते म्हणाले. “आता झोप लागंल मला.”