आईच्या दाढेवरचा ब्रिज

माझी आई डॉक्टरपुढे कधी तक्रार करत नाही. खुर्चीत बसली की डोळे मिटते आणि काहीही विचारलं की "बढ़िया है बेटा." मग घरी येऊन माझं डोकं खाते.

तिचा डावीकडचा एक दात गेला होता. त्याच्या पुढच्या दाताच्या आणि मागच्या दाढेच्या आधारानं धातूचा ब्रिज बसवला. जुन्या पद्धतीचा. आधी मेणाचे दात करायचे, मग त्या जागी वितळलेला धातू ओतायचा. धातू निवताना आकसतो, त्याचा अंदाज चुकला की ब्रिज डुगडुगतो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आंटी, कहीं गड़ रहा है?"

"नहीं बेटा."

घरी परतताना तात्यापाऱ्याच्या चौकात पोचलो नाही तो आई सुरू, "कचकच लागून राहिलं व माय!"

"मग काहून नाही सांगितलं तिथं?"

"एवढी गोड पोट्टी. तिले वाईट नसतं वाटलं?"

मी कपाळावर हात मारला. पुढे ब्रिजखालच्या फटीत अन्न अडकून अडकून मागची दाढ किडली. ब्रिज काढावा लागला, दाढेचं रूट कॅनल झालं. बाईंनी बजावलं, ही दाढ गेली तर मागे आधारच नाही, मग रोज काढ-घाल करायची कवळी. कवळीचं नाव काढताच आईचा चेहरा पडला. पोळ्याला बेसनाची कडक ठेठरी कटाकट फोडणारी बाई ती!

या खेपेला मी हट्ट धरला, मशीनवरचाच ब्रिज पाहिजे. त्यात धातूची पूड लेझरनं थरावर थर वितळवतात. ओतकामाची भानगड नाही, बसतो कसा चपखल! माप दिलं, ब्रिज आला. आई म्हणाली, "बढ़िया." बाईंनी आतून पांढरी पेस्ट लावून बसवून पाहिला, तर मागच्या कडेला पेस्टचा हा जाड थर. म्हणजे पुन्हा फट!

माझं टाळकंच सरकलं. "डोंबलाचं मशीन! काय उपयोग मग?"

"मशीन ने जैसा नाप मिला वैसा ही बनाया है, दीदी," बाई म्हणाल्या. मापाच्या साच्यावर ब्रिज घट्ट बसत होता, कुठेही फट नाही. मग त्यांनी आईच्या दाढेवर बोट दाबलं. दाढ हलत होती. मुळाशी तडा जाऊन ती मापाच्या जागेवरून सरकली होती.

"कब से हिल रहा है, आंटी?"

"नाप दिया तब से."

"अगं, मग मला तरी सांगायचं होतंस! मी काही परकी आहे का?" मी ओरडलेच.

आईनं माझ्याकडे पाहिलंच नाही. बाईंनाच म्हणाली, "ये ऐसे ही चिल्लाती है बेटा. इसीलिए नहीं बोली."

दाढ त्याच दुपारी काढावी लागली.