नळी सरळच होती

धारूरच्या ठाण्यात गहिनीनाथ जमेदाराचा नेम नावाजलेला. अंमल निजामाचा, बंदुका जुन्या ठासणीच्या. त्यातलीच एक तीन वर्षांमागं त्याच्या गालाजवळ फुटली, कान आठवडाभर गुणगुणत राहिला. गाल भरून आला. त्या दिवसाचा विषय मात्र त्यानं पुन्हा कुणापाशी काढला नाही.

मग बीडहून ठाण्याला नवंकोरं सहाबारी पिस्तूल आलं. उत्तरेश्वर शिपायानं ते कमरेला बांधून दोन दिवस पायी आणलं. ठाण्याचे प्रमुख असलेल्या अमीनसाहेबांनी किल्ल्याच्या पायथ्याशी वीस पावलांवर मडकं ठेवलं आणि पहिला मान जमेदाराला दिला. सहाच्या सहा गोळ्या मडक्याच्या खाली, डाव्या अंगाला मातीत शिरल्या. शिपाई एकमेकांकडं बघायला लागले. गहिनीनाथाची कानशिलं तापली.

"नळी वाकडी हाय, साहेब," तो बोलून गेला. "वाटंत पाडलं असंल ह्यानं."

"न्हाई जी! लेकराची आण घेतो," उत्तरेश्वर म्हणाला.

पण जमेदारापुढं शिपायाचं कोण ऐकतो? त्याच दिवशी उत्तरेश्वराचा पट्टा उतरवला गेला, नोकरी गेली.

पिस्तूल दुरुस्तीला न्यायचं काम जमेदारावरच आलं. हरिबा लोहार पंचक्रोशीतल्या बंदुका दुरुस्त करायचा. त्यानं नळी उजेडाकडं धरून पाहिली, आतून दोरा ओढून पाहिला. मग वाळूच्या पोत्यावर हात टेकवून तीन बार काढले. तिन्ही गोळ्या फळीवर एका मुठीत मावतील अशा लागल्या.

"हत्यारात खोट न्हाई. आता तुमी मारा," म्हणून त्यानं पाठ फिरवून काडतुसं भरली.

पहिली गोळी खाली, डावीकडं. दुसरीही तशीच. तिसऱ्या वेळी घोडा नुसता खट्‌ वाजला. बार झालाच नाही, तरी पिस्तुलाचं तोंड वीतभर खाली गेलं होतं. गहिनीनाथानं डोळे उघडले, तेव्हा त्याला कळलं की ते मिटले होते.

"उडालेलं काडतूस मीच घातलं व्हतं," हरिबा हळू म्हणाला. "बाराच्या आधीच हात भेतो तुमचा, जमेदार. चाप दाबायच्या जागी हिसका बसतो."

गहिनीनाथाला जमिनीवरून नजर उचलवेना. तिथं तिसरं कुणी नव्हतं. हरिबालाच दया आली. "नळी सरळ केली म्हणून सांगू का ठाण्यात?"

गहिनीनाथानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी अमीनसाहेबांनी स्वतः बार काढला आणि मडकं फोडलं. "जमेदार, तुम्ही बरोबर ओळखलं," म्हणत त्यांनी त्याची पाठ थोपटली. तो हात त्याला चटका बसल्यासारखा लागला. त्या दिवसापासून हरिबाचं घर टाळायला तो लांबच्या गल्लीनं ठाण्यात जाऊ लागला.

महिन्यानं बाजाराच्या दिवशी उत्तरेश्वराची बायको सत्यभामा समोर आली. डोक्यावर सरपणाचा भारा. ती शिव्या देईल म्हणून त्यानं अंग चोरलं. तिनं भारा खाली ठेवला आणि वाकून त्याच्या पायाला हात लावला.

"दादा, साहेबांपाशी येक शब्द टाका. चुकलं आमच्या मालकाचं. पर तुमचं लई ऐकत्यात तिथं."

त्याला पाय मागं घेताही आला नाही. तिथूनच तो उलट पावली ठाण्यात गेला आणि चार शिपायांदेखत अमीनसाहेबांना सगळं सांगितलं. खट्‌ वाजलेल्या घोड्यासकट. कुणीतरी हसलं. साहेबांनी उत्तरेश्वराचा पट्टा खुंटीवरून काढला. मग म्हणाले, "पट्टा तूच नेऊन दे त्याला."

उत्तरेश्वर अंगणात दोरी वळत होता. पट्टा समोर ठेवून गहिनीनाथ म्हणाला, "पिस्तूल पडलं न्हवतं. खोट माज्या हातात व्हती."

उत्तरेश्वर पट्ट्याकडं बघत राहिला.

"न्हवतं पडलं?" तो म्हणाला. "म्हैनाभर मी ती वाट आठवितोय, जमेदार. मांजरसुंब्याच्या चढाला माजा पाय सटकलता. मलाबी वाटाया लागलं व्हतं, तितंच पडलं आसंल."

नोकरीची उरलेली चार वर्षं गहिनीनाथानं बंदूक हाती न धरता, ठाण्याच्या दारावर लाठी घेऊन काढली. उत्तरेश्वर रोज त्याला रामराम घालायचा, आणि गहिनीनाथ तो खाली मान घालूनच घ्यायचा.