वाट शोधण्याचं वर्ष

माझ्या धाकट्या भावाने मेडिकलची प्रवेश परीक्षा तीनदा दिली आणि तीनदा आपटला. चौथ्या वर्षी तो काहीच करेनासा झाला. अकोल्यात, जठारपेठेतल्या आमच्या घरी, वरच्या खोलीत नुसता पडून असायचा. मी नोकरीला अमरावतीला. शनिवारी घरी गेले की आई आधी पाण्याचा ग्लास हातात द्यायची आणि मग वर बोट दाखवायची. कोणी विचारलं तर "तयारी चालू हाय" म्हणायचं, हे घरात ठरून गेलं होतं. कशाची तयारी, असं विचारण्याइतका निर्दय माणूस आमच्या नात्यात नव्हता. म्हणजे होते, पण त्यांनाही मुलं होती.

परदेशातला तो कार्यक्रम मीच शोधून काढला. बर्फ पडणाऱ्या एका लहानशा गावात, वाट न सापडलेल्या तरुण मुलांना वर्षभर ठेवून घेतात. स्वयंपाक शिकायचा, मेंढ्या राखायच्या, सुतारकाम करायचं, मनातलं कोणाशी तरी बोलायचं. परीक्षा नाही. वाचून मला हसूच आलं. आपल्याकडे शिक्षणात एका वर्षाची गॅप पडली तर प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागतं, जणू मूल तेवढा काळ फरार होतं. आणि तिकडे लोक हौसेने गॅप घेतात! तरी मी त्याला अर्ज करायला लावला, कारण दुसरं काही उरलंच नव्हतं.

मग तिथल्या एक प्रौढ बाई दर आठवड्याला त्याच्याशी व्हिडिओवर बोलू लागल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, तुला काय आवडतं? हा म्हणाला, बायोलॉजी. बाईंनी पुन्हा विचारलं, खरंच? याला घाम फुटला. तेव्हा त्या म्हणाल्या, माहीत नसेल तर माहीत नाही म्हण, आमच्याकडे चालतं. असं कोणी त्याला आजवर म्हटलं नव्हतं. हळूहळू तो दाढी करून खाली जेवायला येऊ लागला. एका शनिवारी मला म्हणाला, "ताई, मी सेमाडोहले जाऊन येतो. नदीत पाय सोडून बसाचं हाय, बस." गेला, आला, आणि आईला तिथल्या पाण्याबद्दल सांगत बसला. मला इतका आनंद झाला की मी उगाच त्याला दोन शिव्या घातल्या.

निवड झाली. व्हिसा अजून यायचाच होता, तेवढ्यात तिवस्याच्या मामांनी चौकात फ्लेक्स लावला: उच्च शिक्षणासाठी परदेशी प्रयाण, हार्दिक शुभेच्छा. मी फोन करून रागावले तर म्हणाले, "मंग काय लिवू? पोरगं रस्ता चुकलं म्हनून चाललं, असं लिवू?"

बाबा निवृत्त मुख्याध्यापक. व्हिसाच्या मुलाखतीसाठी त्यांनी त्याच्याकडून उत्तर पाठ करून घेतलं: परत येऊन मामांची संत्र्याची बाग सांभाळणार. मुंबईला आम्ही तिघं गेलो. तो आत गेला आणि लवकरच बाहेर आला. पासपोर्ट हातातच होता, ठेवून घेतला नव्हता.

"काय विचारलं?" बाबांनी विचारलं.

"वापस येऊन काय करशीन म्हने."

"मंग?"

"मी म्हटलं, माहीत नाही. तेच शोधाले चाललो."

परत येण्याचं ठोस कारण दाखवता आलं नाही, म्हणून नकार. वाट हरवलेल्यांसाठी केलेली जागा, पण तिथे पोहोचायला आधी वाट ठाऊक असली पाहिजे. मला तेव्हा संताप आला आणि तो अजून गेलेला नाही. परतीच्या गाडीत बाबा त्याच्याकडे पाठ करून झोपले.

संस्थेने प्रेमाने कळवलं की जागा राखून ठेवतो, पुन्हा प्रयत्न करा. मी त्याला वरच्या खोलीत गाठलं. म्हटलं, "या वेळी बागेचं सांग नं. एक वाक्य तं हाय."

तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. "खोटंच बोला लागत असन ताई, तं एवढ्या दूर कायले जाऊ?"

दुसऱ्या दिवशी तो अंघोळ करून खाली आला, बाबांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, मले डॉक्टरच व्हाचं हाय. क्लास लावून द्या." बाबांचे डोळे भरून आले. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.