प्रतिमाकाकूंचा कुकरचा प्रश्न

फेब्रुवारी ते एप्रिल, दर शनिवारी, प्रतिमाकाकू न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या लायब्ररीत लोकांचे टॅक्सचे फॉर्म फुकट भरून देतात. वय एकाहत्तर, लॅबमधून रिटायर्ड. मी त्यांचा शेजारी, ने-आण माझ्याकडे. म्हणून खात्रीनं सांगतो, या बाईंना टॅक्सपेक्षा दुसऱ्याच्या घरात डोकावायची हौस जास्त. नवरा-बायको दोन राज्यांत राहत असले की पहिला प्रश्न ठरलेला: "कुकर कुणाकडे?"

"काकू, हे फॉर्मवर आहे का?" मी वैतागतो.

"नसेना का! मला कळायला नको?"

गेल्या शनिवारी आश्लेषा आली. ती इथे, नवरा ऋषी चौदा महिने दुसऱ्या राज्यात, चँडलरला नोकरीत. फेडरल, म्हणजे केंद्राचा, रिटर्न दोघांचा जॉइंट झाला. न्यू जर्सी राज्याच्या फॉर्मवर काकू 'सेपरेट' म्हणाल्या आणि पोरगी कावरीबावरी झाली.

"तेवढं नका ना लिहू, काकू."

"अगं, तो इथे राहतच नाही. जॉइंट केलंस तर त्याचा पगारही न्यू जर्सीच्या टॅक्सखाली येईल."

"येऊ दे. आधी रोज म्हणायचा, तू इकडे ये. दिवाळीपासून विषयच काढत नाही. आता मीच कागदावर वेगळं लिहून देऊ?"

मला कुठे बघावं कळेना. काकूंना कसला संकोच! "लाव फोन. स्पीकरवर ठेव."

फोन लागला. "ऋषी, मी प्रतिमाकाकू, टॅक्सवाली. आश्लेषा समोरच बसलीय. तुझ्याकडे कुकर आहे?"

"अं... हो. जानेवारीत घेतला."

"किती लिटरचा?"

"पाच."

"एकट्याला पाच? रोज पंगती उठवतोस की काय!"

मला काकूंचा भयंकर राग आला होता.

"छोटा होता दुकानात," तो म्हणाला. "पण आश्लेषा आली तर पुरायला हवा ना. सारखं ये ये म्हटलं की तिला वाटतं, मी नोकरी सोडायला लावतोय. म्हणून बोलायचं बंद केलं, काकू."

आश्लेषानं डोळे पुसले आणि फोन स्वतःकडे ओढला. "भाताला शिट्ट्या किती करतोस?"

"पाच."

"पाच? अरे देवा, नुसता गिचका! तीन कर. बाकीचं मी आल्यावर बघते."

मग तिनं स्क्रीनवरच्या 'सेपरेट'वर बोट ठेवलं. "करा क्लिक, काकू."