बटणावरची चिकटपट्टी

तीन कन्व्हर्टर जळाले आणि तिन्ही वेळा नाव माझंच... "आजीनेच काहीतरी केलं असेल." काहून बाप्पा? घरात हात काय मला एकटीलाच आहेत?

हं, आता नमस्कार ग्रुपवरच्या सगळ्यांना.

माझ्या शिलाई मशीनवर एक छोटा दिवा आहे. नात मुग्धाने नागपूरला कॉलेजात जायच्या आधी लावून दिला. दिवा पाच व्होल्टचा, घरातला जुना अडॅप्टर बारा व्होल्टचा, म्हणून मध्ये बाराचे पाच करणारा काडेपेटीएवढा कन्व्हर्टर. त्या दिव्याशिवाय मला सुईचं नेढं दिसत नाही. दिवा गेला की फॉल-पिको बंद... अन् आमच्या कांचघर मोहल्ल्यातल्या बायका साड्या घेऊन दुसरीकडे.

तिसरा जळाला तेव्हा माझ्या मुलाने, सुधीरने, फर्मान काढलं. मशीन पनागरला भाचीकडे द्यायची. तिला फोनही करून मोकळा! "आई, आता बस. तुला नाही जमत." ज्याच्या चड्ड्या त्याच मशीनवर शिवल्या, तो मला पिन खुपसायला शिकवून राहिला.

मुग्धाने हट्टाने चौथा पाठवला. सुधीर म्हणाला, "बघ, असं लावायचं, हळू." मी हात मागे बांधून उभी. त्याने अडॅप्टरची पिन कन्व्हर्टरमध्ये लावली... चट्ट! ठिणगी, जळका वास, दिवा गप्प. सून पदर तोंडात घालून हसून राहिली होती.

सुधीर म्हणे, माल खराब आहे. अच्छा! मी जाळला तर हात खराब, तू जाळला तर माल खराब?

मी लगेच मुग्धाला व्हिडिओ कॉल लावला. तिने एकच विचारलं, भिंतीवरचं बटण चालू होतं का? होतंच की. मला शॉक लागेल म्हणून सुधीरनेच त्यावर चिकटपट्टी मारून ठेवली होती... कायम चालू. बोर्डाला मी हात लावायचा नाही, असा हुकूम.

"अरे यार पप्पा, यही तो गलती है!" पोरगी ओरडली.

चालू अडॅप्टरची पिन लावली की व्होल्टेज क्षणभर उसळी मारतं, पार दुप्पटसुद्धा होतं म्हणे... नळ एकदम सोडला की पाईप उडतो तसं. कन्व्हर्टर एवढासा, त्याला ते झेपत नाही. म्हणून आधी पिन लावायची, मग भिंतीचं बटण. मग पाचवा पाठवला, त्याच्या तोंडाशी तर तिने एक कपॅसिटरच जोडून दिला, उसळी गिळायला.

मी चौथी पास बाई. पण मला जपायला मारलेल्या पट्टीपायीच माझी मशीन घराबाहेर जाणार होती, एवढं मला समजतं.

पट्टी नखाने सोलून काढली. आधी पिन लावली, मग बटण माझ्या हाताने दाबलं. ना शॉक, ना चट्ट. मुग्धाच्या कुर्त्याची लेस आज त्याच दिव्याखाली लावली.

मशीन कुठेही जाणार नाही. पनागरला तसा फोन सुधीरने करायचा. अन् खाली कोणी फुलं-बदामाची चित्रं टाकत बसू नका... चूक कोणाची, याचं उत्तर सुधीरने द्यायचं. इथेच, सगळ्यांसमोर, आणि बायकोच्या मोबाइलवरून नाही, स्वतःच्या.