ओरखडा डायचाच होता

माझा तेव्हाचा साहेब पुण्याचा होता, आणि कुठलंही यंत्र आपण समोर उभं राहून बोललो की सुधारतं, अशी त्याची खात्री होती. हातात स्पॅनर घेतलेला मी त्याला कधी पाहिला नाही. खिशाला मात्र मापं घ्यायचा व्हर्निअर कॅलिपर नेहमी अडकवलेला असायचा.

सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या एका संशोधन कंपनीत आमचं छोटं वर्कशॉप होतं. तिथे आम्ही पितळी नळ्यांवर दाबाच्या चाचण्या करायचो. नळीचा आकार बाटलीसारखा होता: रुंद अंग, मग उतरता खांदा आणि वर अरुंद गळा. चाचणीत नळी किंचित फुगायची. ती फेकून न देता प्रेसखाली एका पोलादी डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून पुन्हा मापात आणायची आणि पुढच्या चाचणीला वापरायची. हे काम अंकल करायचे. साठी ओलांडलेले चिनी गृहस्थ. निवृत्तीनंतर त्यांना दर वर्षी नव्या करारावर ठेवून घेत. सिंगापुरात त्या वयाच्या माणसाला अंकलच म्हणतात, मीही तेच म्हणायचे.

जुनी डाय झिजत आली होती. साहेबानं आपल्या ओळखीच्या पुरवठादाराकडून नवी मागवली, आणि पहिल्या आठवड्यातच नळ्यांच्या गळ्यावर उभे ओरखडे यायला लागले. ओरखडा असलेली नळी चाचणीत हमखास गळायची.

साहेब आला, एक नळी उजेडात धरून त्यानं फिरवली आणि माझ्याकडे बघून मराठीत म्हणाला, "अगं, हे तेलाचं काम आहे. म्हातारा तेल नीट लावत नाही."

अंकल दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांना शब्द कळले नसतील, पण बोट कुणाकडे होतं ते दिसत होतं.

"सर, एकदा डाय तपासून बघू या का?" मी म्हटलं.

"डाय? अगं, मी अमेरिकेत होतो ना, तेव्हा रायफलची रिकामी काडतुसं गोळा करून स्वतः पुन्हा भरायचो. तिथेही हीच पद्धत. झाडलेलं काडतूस फुगतं, ते डायमध्ये दाबून मापात आणायचं. शेकड्यांनी केलीत मी. डाय कधी चुकत नाही, माणूस चुकतो."

मग अमेरिकेतलं रान, हरणं, थंडी, तिथला त्याचा मित्र, असं बरंच काही ऐकावं लागलं. त्या सगळ्या गोष्टीत एक तरी काडतूस त्यानं स्वतःच्या हातानं दाबलं असेल, यावर माझा विश्वास बसला नाही. मित्र दाबत असणार आणि हा शेजारी उभा राहून बोलत असणार.

जाता जाता त्यानं मला अहवाल लिहायला सांगितलं. "संभाव्य कारणांत हाताळणी टाक. अंकलचा करार पुढच्या महिन्यात संपतोय, कामाला येईल."

आणि मी टाकलं. संभाव्य कारण: हाताळणीतील त्रुटी. काही तपासण्याआधी हे वाक्य माझ्या हातानं टाइप झालं. त्या माणसाला मी मनातल्या मनात ढोंगी म्हणत होते आणि त्याचंच वाक्य लिहीत होते. क्लेमेंटीला घरी जाताना एमआरटी मेट्रोत मला स्वतःची किळस आली, पण अहवालाचा मेल गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी अंकलच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्यांनी डाय आधीच सॉल्व्हंटनं धुऊन, पुसून ठेवली होती.

"रोज धुतो," ते त्यांच्या, वाक्याला 'लाह' जोडणाऱ्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले. "तेल पण मोजून लावतो. तुझा बॉस बघत नाही लाह."

आम्ही पाच नळ्या घेतल्या. प्रत्येकीवर मार्करनं एक रेघ ओढली आणि दर वेळी ती वेगळ्या दिशेला ठेवून दाबली. दोष पितळाचा किंवा तेलाचा असता तर ओरखडे कुठेही आले असते. पाचही नळ्यांवर ते डायच्या एकाच बाजूला, खिडकीकडच्या बाजूला आले. मग अंकलनी डाय सैल केली आणि अर्धा फेरा फिरवून पुन्हा घट्ट बसवली. ओरखडा भिंतीकडे गेला. जुनी डाय लावून पाहिली. एकही ओरखडा नाही.

दातांचे डॉक्टर ठसा घ्यायला वापरतात तसलं रबर मी डायमध्ये ओतलं. घट्ट झाल्यावर बाहेर काढून मोजलं. गळ्याचा भाग मधोमध नव्हताच. भोक एका बाजूला सरकलं होतं आणि तिथली कड गोल करायची राहून गेली होती. सुरीच्या धारेसारखी ती कड प्रत्येक नळी खरवडत होती. कितीही तेल ओतलं असतं तरी खरवडलीच असती.

साहेबाला मी ठसा दाखवला. त्यानं खिशातला कॅलिपर काढला, उलटा धरला, परत ठेवला.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "पुरवठादारावर मला पहिल्यापासून संशय होता."

"मग अहवालातलं हाताळणीचं वाक्य काढते."

"अगं, राहू दे ना. संभाव्यच लिहिलंय. आता डाय परत पाठवतोच आहोत, कशाला पुन्हा खोदायचं?"

मी नवा अहवाल लिहिला. पहिल्याच ओळीत लिहिलं की हाताळणीत कोणतीही त्रुटी नव्हती, आधीच्या अहवालातलं ते वाक्य मी तपासणी न करता लिहिलं होतं आणि ते चुकीचं आहे. तो साहेबाला, त्याच्या वरच्या बाईंना आणि अंकलना, तिघांना एकदम पाठवला. दहा मिनिटांत साहेब माझ्या टेबलाशी.

"मला आधी विचारायचंस ना! आपली माणसं अशी एकमेकांना तोंडघशी पाडतात का?"

आपली माणसं. भोक वाकडं पाडणारा पुरवठादारही त्याचाच माणूस होता, आणि म्हाताऱ्याच्या पोटावर पाय द्यायला निघालेला हा स्वतः. मी म्हटलं, "सर, चूक माझी होती, मी माझी सुधारली." एरवी शब्दांची कधी वाण नसलेला माणूस पाणी प्यायला निघून गेला.

अंकलची माफी मागायला मी जेवणाच्या सुट्टीत हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, त्यांच्या टेबलाशी गेले. ते नूडल्स खात होते. त्यांनी समोरची खुर्ची दाखवली नाही.

"तू इंजिनिअर आहेस," ते म्हणाले. "आधी मोजायचं, मग लिहायचं. तू उलटं केलंस." मग पुढचा घास उचलत म्हणाले, "दुसरा मेल वाचला. ठीक आहे."

त्यांचा करार वाढला. त्यांनी वर्षभर काम केलं, माझ्याशी गरजेपुरतं बोलले आणि मग स्वतःहून थांबले.

साहेबानं महिन्याच्या बैठकीत डायची गोष्ट सहा स्लाइडमध्ये सांगितली. रबरी ठशाचा फोटो होता, मार्करच्या रेघांचा होता, आणि शेवटी 'आम्ही दोष वेळीच ओळखला' असं ठळक अक्षरांत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, एवढंच काय ते माझं शौर्य. सहा महिन्यांनी त्याला बढती मिळाली. आता तो नव्या मुलांना, बिघाड कसा शोधावा, यावर व्याख्यानं देतो.