ते जमादार वेगळे, हे वेगळे

तान्ह्या पोराची दुपटी आणि आमच्या घरचे किस्से, दोन्हींचं एकच. आज बादलीभर धुऊन वाळत घालावेत, तर उद्या तेवढेच पुन्हा साचलेले! आणि आमच्या सगळ्या किश्श्यांच्या मुळाशी एकच शब्द: जमादार.

हे संस्थानच्या फौजेत जमादार. म्हणजे खांद्यावर स्टार, हाताखाली माणसं, शिपाई-हवालदार सॅल्यूट ठोकणार. पण उज्जैनच्या गल्लीत जमादार म्हणजे सकाळी झाडू घेऊन येतो तो. संस्थान विलीन झालं, फौज मोडली. काहींना हिंदी लष्करात घेतलं, बाकीच्यांना 'हुकमाची वाट बघा' म्हणून घरी पाठवलं. हे घरी आले. हुद्द्याचं व्हायचं ते होवो. मला घोर एवढाच, की थोरली कुसुम जुलैत शाळेत जाणार, आणि हा शब्द तिचं बोट धरून वर्गात शिरायला नको.

*

माधवनगरात खोली घेतली तेव्हा ह्यांच्या मित्राने मालकाला आधीच निरोप दिला होता, जमादार साब का परिवार आ रहा है. आम्ही सामान घेऊन पोचलो, तर मालक दारात आडवे. म्हणे खोली दुसऱ्यांना दिली. कडेवर पोर, डोक्यावर ऊन, आणि मी त्यांना लष्कराचे हुद्दे शिकवतेय! मिलिटरी म्हटल्यावर त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"पहले बतातीं ना बहनजी. मैं तो नल पे ताला डालने जा रहा था."

*

हिंदीवालेच असं करतात असं नाही. लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी पुण्याच्या आत्याला कौतुकाने सांगितलं, जावयाच्या हाताखाली पुष्कळ शिपाई आहेत.

आत्या म्हणाली, "बरं झालं. प्यूनच्या वरचा म्हणजे कारकूनच ना?"

पुण्यात शिपाई म्हणजे कचेरीत पाणी आणून देणारा. इथे सिपाही म्हणजे चौकातला पोलीस. मग जो लढतो तो कोण? मी मॅट्रिक झालेली बाई, पण मला सांगता येईना.

*

आमच्या ओळखीत एक काकू आहेत, जुन्या दरबारी घराण्यातल्या. हळदीकुंकवाला त्यांनी सगळ्यांदेखत मला समजावलं, की पूर्वी स्वारांतही दोन जाती असत. घरचा घोडा घेऊन चाकरीला जायचा तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसायचा तो बारगीर.

"आम्ही शिलेदार हो. तुमचे हे आपले बारगीरच म्हणायचे."

मी अत्तर लावून घेतलं. 'काकू, काल तुम्ही भाड्याच्या टांग्यातून उतरलात, तो घोडा कुणाचा?' हे मला घरी पोळ्या लाटताना सुचलं. नेहमीचंच!

*

सोमवतीला रामघाटावर ही गर्दी. हे साध्या धोतरात स्नानाला गेलेले. पोलिसाने काठी आडवी घालून हटकलं. ह्यांनी सवयीने हुद्दा सांगितला.

पोलीस म्हणाला, "जमादार है तो खड़ा क्या है? कीचड़ दिखता नहीं?"

हे म्हणाले, "किस तरफ से शुरू करूँ?"

घरी येऊन मला हसत सांगितलं. मी आठवडाभर धुमसत होते. म्हटलं, तुम्हाला राग कसा येत नाही? तर म्हणाले, फौजेत हुकूम कोण देतो ते बघायचं नसतं.

*

पुढाऱ्यांचं भाषण असलं की हे सैनिक. त्यातून टाळ्या हव्या असल्या तर जवान. रेशनच्या लाइनीत मी 'ए फौजवाली, पीछे'. गल्लीत जमादारनी. एकाच माणसाला इतके शब्द, आणि मान असलेला प्रत्येक शब्द फक्त माइकपुढे!

*

शाळा सुरू झाली. कुसुम घरी आली की दप्तर टाकून आधी माठाकडे धावायची. शाळेत पाणी पीत नाहीस का, विचारलं. म्हणाली, ओंजळ धरायला लावतात, वरून ओततात, सगळं फ्रॉकवर सांडतं. आणि बसते कुठे? वर्गात नाही, बाहेर ओसरीवर. तिथे तिची मैत्रीण आहे, मुन्नी.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भिंतीवरून ह्यांचा वर्दीतला फोटो काढला, धाकट्याला काखोटीला मारलं आणि तशीच शाळा गाठली. तिच्या वर्गाच्या बाईंपुढे, बहनजींपुढे, फोटो धरून म्हटलं, हे बघा, हे ते जमादार नव्हेत. हे फौजेतले!

बहनजींनी जीभ चावली. "हाय राम, वो वाले जमादार!"

लगेच ओसरीवर जाऊन कुसुमला हाताला धरून आत आणलं. पहिल्या रांगेत बसवलं, स्वतःच्या लोट्यातून पेल्यात पाणी ओतून तिच्या हातात दिलं. मी पदराने घाम पुसला. आयुष्यात पहिल्यांदा मला वेळेवर बोलता आलं होतं.

कुसुम पाणी पिईना. पेला धरून दाराबाहेर बघत राहिली. तिथे तरटावर आता एकटी मुन्नी बसली होती.

"बहनजी," ती म्हणाली, "मुन्नी के बाबा को भी वो वाला जमादार कर दो ना."

बहनजी माझ्याकडे बघायला लागल्या.